भिंतीच्या आतले आणि भिंतीवरचे
(रात्रीच्या वर्गापुढे दिलेले भाषण)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. त्यांच्या काळी दगड आपल्या रानातला, लाकूड आपल्या बांधावरचे आणि गवंडी शेजारच्या गावचा. काही मनासारखे झाले नाही तर तिथल्या तिथे सांगायचे, "बाबा, हे असे नको, तसे कर." गवंडी कुरकुर करी, पण ऐके.

आता आपली मुले पुण्याकडे, चाकणकडे, नाशिककडे कारखान्यात जातात. तिथे ती घर बांधत नाहीत. दुसऱ्याने आखलेले, अजून अर्धे कच्चे असलेले घर विकत घेतात. पाचव्या मजल्यावर नाहीतर सातव्या. पैसा मात्र पुष्कळ वेळा गावातून जातो. कुणाच्या फंडाची रक्कम, कुणाच्या उसाचे बिल, कुणाच्या पाटल्या. म्हणून हा विषय आज वर्गात घेतला आहे.

विषय घ्यायला कारण झाल्या आपल्या आक्का. त्या इथेच बसल्या आहेत, पण त्यांची परवानगी घेतली आहे. दिवाळीनंतर एका रात्री त्या एक कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, धाकट्यानं घर ठरवलंय. बिल्डरच्या माणसानं ही यादी दिलीया. तेवढी वाचून द्या."

आम्ही म्हणालो, "आक्का, चार महिने वर्गाला येता. तुम्हीच वाचा. आम्ही ऐकतो."

आक्कांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. जोडाक्षराला अडखळल्या, पण सोडले नाही. चौदा ओळी होत्या. प्रत्येक ओळीपुढे एक आकडा. खाली बेरीज, ९५,००० रुपये. वाचून झाल्यावर त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, "हे समदं घ्यायचं का, गुरुजी?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत होते. पण ते आम्हाला कसे येते, हे सांगायचे तर आधी आमची फजिती सांगावी लागते.

त्याआधी ही यादी कसली ते समजून घ्या. बिल्डर घर विकतो, तेव्हा ठरलेल्या किमतीत काय काय येते, हे करारनाम्याला जोडलेल्या एका पानावर लिहिलेले असते. फरशी कोणती, दार कशाचे, नळ कसले, विजेचे पॉइंट किती. ते झाले ठरलेले घर. त्याच्यावर तुम्ही जे जास्तीचे मागाल, ते वाढीव काम. त्याचे पैसे वेगळे. मुले त्याला अपग्रेड म्हणतात. आपण वाढीव काम म्हणू.

आता आमची गोष्ट. साल २०१९. आमच्या थोरल्या चिरंजीवाने चाकणच्या बाजूला दोन खोल्या आणि दिवाणखाना असे घर पाहिले. रविवारी आम्ही दोघे नवरा-बायको बघायला गेलो. इमारत अजून उभी राहायची होती. पण बिल्डरने खाली एक नमुन्याचे घर सजवून ठेवले होते. त्याला सँपल फ्लॅट म्हणतात.

काय सांगावे त्याचा थाट! छताला पांढरी नक्षी, नक्षीच्या आड लपवलेले दिवे. एका भिंतीला वेगळा रंग. स्वयंपाकघरात आवाज न करता बंद होणारे खण. फरशी तर आरशासारखी. आमच्या कुटुंबाने आत पाऊल टाकताना चपला हातात घेतल्या. पुढे कळले, अशा घरात पलंग, कपाट हेही बेताचे, लहान मापाचे ठेवतात, म्हणजे खोली मोठी वाटते. आरसे लावतात त्याचेही कारण तेच. आम्हाला तेव्हा हे काहीच ठाऊक नव्हते. थंड सरबत मिळाले, तेही प्यालो.

बिल्डरचा माणूस मोठा गोड बोलणारा. म्हणाला, "गुरुजी, यातले सगळेच ठरलेल्या किमतीत येत नाही. थोडे वाढीव आहे." ते थोडे किती? २,४०,०००!

पस्तीस वर्षे आम्ही पोरांना सरळ व्याज शिकवले, चक्रवाढ व्याज शिकवले. पण त्या दिवशी फळा डोळ्यांपुढे आला नाही. छताची नक्षी घेतली. आरशाची फरशी घेतली. रंगीत भिंत घेतली, तिचे एकटीचे १८,०००. खणांचे स्वयंपाकघर घेतले. यादीत विजेचे जास्तीचे पॉइंटही होते. त्या ओळीपाशी आल्यावर आम्हीच म्हणालो, "पॉइंट कशाला? आहेत तेवढे पुरे." दिसणारे घेतले, न दिसणारे सोडले.

२,४०,००० पैकी १,८०,००० करारात आणि म्हणून कर्जात गेले. उरलेले ६०,००० त्या माणसाने रोख मागितले. म्हणाला, "रोख द्या, कर वाचेल." आम्ही दिले. पावती म्हणून त्याने वहीच्या पानावर आकडा लिहून सही केली. ते ६०,००० कुठून आले? कुटुंबाच्या पाटल्या मोडून.

पुढे तो माणूस नोकरी सोडून गेला. घराचा ताबा घ्यायला गेलो, तर स्वयंपाकघरात खण नाहीत. साधा ओटा आणि खाली रिकामी जागा. कचेरीत वहीचे पान दाखवले. उत्तर मिळाले, "आमच्याकडे अशी नोंद नाही." त्या पानावर ना बिल्डरचे नाव होते, ना शिक्का, ना कशाचे पैसे ते. नुसता आकडा आणि एक सही. मुलाने भांडून पाहिले. पण हातात कागदच नाही, तर भांडण कशावर उभे करणार?

त्या पाटल्या अजून झालेल्या नाहीत. कुटुंबाने कधी बोलून दाखवले नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

आणि एवढ्यावर भागले नाही. पहिल्याच उन्हाळ्यात सूनबाई बाळंत होऊन आली. खोलीत उकाडा. कूलर लावायचा तर खोलीत पॉइंट एकच, तोही कपाटाच्या मागे. वायरमनला बोलावले. त्याने भिंतीवर टिचकी मारली आणि मान हलवली.

"गुरुजी, ही विटांची भिंत न्हाई. ही खोदता यायची न्हाई."

मंडळी, हे नीट ऐका. हल्ली पुष्कळ उंच इमारती विटांच्या नसतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करतात, आत सळई बांधतात, आणि भिंत व छत एकदमच काँक्रीटने ओततात. ती भिंतच इमारतीचा भार धरते. विजेच्या नळ्या आणि डब्या काँक्रीट ओतण्याआधी सळईला बांधून ठेवलेल्या असतात. एकदा काँक्रीट पडले की जे आत आहे ते आहे, नाही ते नाही. विटांची भिंत निदान खोदता तरी येते. गिलावा जातो, रंग जातो, धूळ होते, पण काम होते. त्या भिंतीला हात लावू देत नाहीत, आणि लावूही नये.

मग आमच्या वायरमनने काय केले? भिंतीच्या वरून पांढरी पट्टी ठोकली आणि तिच्यातून तार नेली. कोणत्या भिंतीवरून? त्याच, १८,००० रुपयांच्या रंगीत भिंतीवरून.

आता व्याजाचा हिशेब ऐका. १ लाख रुपये, शेकडा ९ दराने, २० वर्षांसाठी कर्ज काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९०० रुपये येतो. २० वर्षांत मिळून सुमारे २,१६,००० रुपये भरावे लागतात. म्हणजे दुपटीच्या वर. आमचे १,८०,००० त्या हिशेबाने सुमारे ३,८८,७०० होतात. दर कमीजास्त झाला की आकडा थोडा हलेल. पण रंग पाच-सात वर्षांत उतरतो आणि हप्ता वीस वर्षे चालतो, हे काही बदलत नाही.

तेव्हापासून आम्ही एकच प्रश्न विचारायला शिकलो. हे काम भिंतीच्या आतले, की भिंतीवरचे?

भिंतीच्या आतले म्हणजे तार, नळी, पाण्याचा पाइप, सांडपाण्याची वाट. ते आत्ता नाही केले तर पुढे एकतर होत नाही, नाहीतर दसपट त्रासाने होते. भिंतीवरचे म्हणजे रंग, नक्षी, खण, दिवे, पडदे. ते पुढच्या वर्षी होते, त्याच्याही पुढच्या वर्षी होते, आणि बाजारात चार ठिकाणी भाव करून होते. पैसे थोडे असतील तर आधी आतले.

आतले ठरवायचे कसे? पाटी घ्या. पाटीवर घराचा नकाशा काढा. पलंग कुठे, कपाट कुठे, फ्रीज कुठे, देव कुठे, हे मांडा. मग एकेका वस्तूला विचारा, तुला वीज लागते का? पलंगाच्या उशापाशी एक पॉइंट हवा, मोबाइल तिथेच लावतात. तो कपाटाच्या मागे गेला तर असून नसल्यासारखा. स्वयंपाकघरात मोजा. फ्रीज, मिक्सर, पाणी शुद्ध करायचे यंत्र, धूर ओढणारा पंखा, विजेची शेगडी. यातली शेगडीसारखी जड यंत्रे साध्या पॉइंटावर चालवायची नाहीत. त्यांना १६ अँपियरचा मोठा पॉइंट लागतो. गीझरलाही तसाच. एअर कंडिशनर आज घ्यायचा नसेल. नका घेऊ. पण खोलीत त्याची जागा ठरवून निदान रिकामी नळी आणि डबी टाकून घ्या, वर झाकण लावा. रिकाम्या नळीला फार पैसे पडत नाहीत. पुढे कधी यंत्र आले, तर तिच्यातून जाड तार ओवता येते. इन्व्हर्टरसाठीही तशीच सोय आधी करून ठेवावी. वीज जाते ती फक्त आपल्याच गावाला, असे नाही.

विजेत आणखी एक गोष्ट. शॉक बसू लागला की क्षणात वीज तोडणारे एक यंत्र पेटीत बसवतात. त्याला आर.सी.सी.बी. म्हणतात. माणसाच्या बचावासाठी ते ३० मिलीअँपियरचे लागते. ठरलेल्या घरात ते आहे की नाही, आधी विचारा. नसेल तर यादीत सगळ्यांत वर ते लिहा. नक्षीच्या आधी, फरशीच्या आधी. घरात लहान मूल असेल तर याबद्दल वादच नको.

पाण्याचेही तसेच. कपडे धुण्याचे यंत्र जिथे ठेवाल, तिथे पाणी येण्याची आणि जाण्याची, दोन्ही वाटा हव्यात. येण्याची असते, जाण्याची विसरतात. मग मोरीपर्यंत रबरी नळी घरभर लोळते. न्हाणीघराची गळती रोखायचा थर मात्र वाढीव काम म्हणून विकत घेऊ नका. ते बिल्डरचे कामच आहे. ताबा घेण्याआधी मोरीचे भोक बंद करून न्हाणीत चार बोटे पाणी साठवायला सांगा. एक-दोन दिवस ते तसेच ठेवायचे, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचे. ओल दिसली तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

म्हातारी माणसे राहणार असतील, तर न्हाणीची फरशी खरबरीत हवी. आरशासारखी फरशी बैठकीत ठीक, न्हाणीत ती हाडे मोडते. भिंतीला धरायला एक दांडी हवी. तिची किंमत किती? दोन-चार पडदे कमी केले तर निघून येते.

ओट्याची उंची हा बायकांचा विषय, आणि तो कुणीच बायकांना विचारत नाही. जी बाई रोज तिथे उभी राहणार, तिने सरळ उभे राहून कोपर वाकवावे. कोपराच्या खाली पाच-सहा बोटांवर ओटा असावा. आमच्या सूनबाई उंच आहेत, ओटा ठेंगणा झाला. आता कंबर धरून पोळ्या लाटतात. हे आत्ता फुकटात झाले असते.

फरशीचे काय? ती ना धड आतली, ना धड वरची. पुढे बदलता येते, पण घर रिकामे करावे लागते. आमचे मत असे की ठरलेली फरशी सरळ आणि मजबूत असेल तर तीच ठेवावी. तरीही बदलायचीच असेल तर एक फसगत ओळखून ठेवा. समजा ठरलेली फरशी चौरस फुटाला ५० रुपयांची आणि तुम्ही मागितलेली ११० ची. बिल्डर ११० मागतो. पण ५० ची फरशी तर तो आता बसवणारच नाही. तिचे पैसे तुमच्या किमतीत आधीच धरलेले आहेत. म्हणजे द्यायचे किती? फरक, ६०. ६०० चौरस फुटांना ६६,००० नव्हे, ३६,०००. नळ, दार, ओट्याचा दगड, सगळ्याला हाच हिशेब. "जुन्याचे वजा केले का?" एवढे विचारायचे. लाजायचे नाही. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला आपण घासाघीस करतो.

आणि यादीतला भाव पाहून गप्प बसू नये. तालुक्याच्या गावी टाइलचे दुकान आहे, विजेच्या सामानाचे आहे. आपला वायरमन आहे. त्याला विचारा, एक पॉइंट टाकायला काय घेतोस? बिल्डरचा भाव थोडा जास्त असणार, त्याला माणसे, देखरेख लागते. थोडा जास्त चालेल. दुप्पट असेल तर ते काम भिंतीवरचे आहे का पाहा, आणि असेल तर त्याच्याकडून घेऊच नका.

आता रकमेबद्दल. सँपल फ्लॅट बघायला जाण्याआधी, घरी बसून, दिवा लावून, आकडा ठरवायचा. वाढीव कामाला आपण इतकेच देणार. ठरवताना एक लक्षात असू द्या. बँक सगळी किंमत कधी देत नाही, आपला वाटा आपल्यालाच उभा करावा लागतो. शिवाय मुद्रांक शुल्क आहे. नोंदणी फी आहे, ती महाराष्ट्रात किमतीच्या शेकडा १, पण ३०,००० पेक्षा जास्त नाही. सोसायटीचा आगाऊ खर्च आहे. पंखे, दिवे, खिडक्यांच्या जाळ्या, सामान न्यायचा टेंपो आहे. हे सारे ताबा मिळायच्या सुमारास एकदम येऊन उभे राहते. तेव्हा हातचे काही शिल्लक हवे. आमच्याकडे नव्हते. पहिले दोन महिने मुलाने एकाच पंख्यावर काढले, वर छताला मात्र नक्षी!

आता आक्कांकडे येऊ. त्यांच्या मुलाच्या घराची किंमत, पार्किंग आणि बाकीचे सगळे आकार धरून, ४४,२०,०००. मुलगा आणि सून दोघेही कमावतात, म्हणून एवढी उडी. त्यावर वाढीव कामाचे ९५,०००. बेरीज करा. ४५,१५,०००. काही दिसले का? आम्हालाही आधी दिसले नव्हते. तालुक्याच्या करसल्लागाराने दाखवले.

बांधकाम चालू असलेल्या घरावर जी.एस.टी. नावाचा कर असतो. १ एप्रिल २०१९ पासून त्याचे दोन दर आहेत. घराची एकूण किंमत ४५ लाखांपर्यंत असेल आणि आतले क्षेत्र ठरलेल्या मर्यादेत असेल, तर शेकडा १. ही मर्यादा पुण्याकडे ९० चौरस मीटर आहे आणि मुंबईच्या भागात ६०. किंमत किंवा क्षेत्र, यांतले काहीही मर्यादेबाहेर गेले की शेकडा ५. आणि बिल्डर जे जे जास्तीचे आकारतो, ते सगळे त्या एकूण किमतीत मोजले जाते.

आक्कांच्या घराला वाढीव कामाशिवाय कर ४४,२००. वाढीव कामासकट शेकडा ५ दराने २,२५,७५०. फरक १,८१,५५०! म्हणजे ९५,००० ची यादी आक्कांना पडणार होती २,७६,५५० ला. यादीच्या कागदावर हे कुठेच नव्हते. बिल्डरच्या माणसाने लपवले असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित त्यानेही बेरीज केली नसेल. पण पैसे आक्कांचे जाणार होते, त्याचे नव्हे.

आक्कांनी दोन मिनिटे आकडा नुसता बघितला. मग म्हणाल्या, "दोन लाख ऐंशी हजाराला म्हसरं किती येत्यात, गुरुजी?"

मग त्या रात्री आम्ही यादी पाटीवर घेतली. चौदा ओळी. आतल्या कोणत्या, वरच्या कोणत्या, आक्काच सांगत गेल्या आणि आम्ही लिहीत गेलो. छताची नक्षी वर. खण वर. रंग वर. विजेचे पॉइंट आत. यंत्राच्या सांडपाण्याची वाट आत. एका ओळीवर आमचा वाद झाला. मुख्य दाराला भारी कुलूप. आम्ही म्हणालो, कुलूप पुढेही बसते. आक्का म्हणाल्या, "सून रातपाळी करती. पहिल्या दिवसापासनं पायजे." आक्कांचे खरे होते. पण कुलूप बिल्डरकडूनच घ्यायला हवे असे नाही. ताबा मिळेल त्या दिवशी बाजारातून आणून बसवायचे ठरले. शेवटी बिल्डरकडून करायची कामे ५८,००० ची निघाली. किंमत झाली ४४,७८,०००. कर ४४,७८०. बाकीचे वर्षभरात, जमेल तसे.

मुलाने फोनवर विचारले, "आई, तो रोख द्या म्हणतोय. रोख दिलं तर ते किमतीत धरणार न्हाईत." बघा, तोच मंत्र! आम्ही फोन घेतला आणि पाटल्यांची गोष्ट सांगितली. जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेऊ नये, असा आयकराचा नियम १ जून २०१५ पासून आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, ज्या पैशाचा कागद नाही ते काम मागायला कुठे जाल?

कागदाचे थोडक्यात सांगतो. आपल्याकडे घरखरेदीचा कायदा २०१६ सालचा आहे, रेरा म्हणतात त्याला. १ मे २०१७ पासून तो पुरता लागू झाला. महाराष्ट्रात त्याचे काम महारेरा बघते. त्यात असे आहे की करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरने किमतीच्या शेकडा १० पेक्षा जास्त रक्कम घेऊ नये. तेव्हा घाई करायला लावली तर थांबायचे. करारात लिहिलेले सामान तुम्हाला न विचारता बदलता येत नाही. आणि ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाचा दोष निघाला, तर ३० दिवसांच्या आत तो बिल्डरने फुकट दुरुस्त करून द्यायचा. पण हे सारे कशाला लागू होते? जे लिहिले आहे त्याला. म्हणून वाढीव काम करारनाम्याच्या त्या पानावर आले पाहिजे. नुसते "चांगल्या दर्जाचे नळ" असे नको. कोणत्या कंपनीचा, कोणता नमुना, किती, कुठे. पैसे चेकने नाहीतर बँकेतून, आणि पावती बिल्डरच्या नावाची.

गेल्या महिन्यात करारनाम्याच्या आधी आक्का स्वतः चाकणला गेल्या होत्या. इंजिनिअरने टेबलावर विजेचा नकाशा पसरला. प्रत्येक पॉइंटाला एक लहान गोल. इमारतीचे काम चौथ्या मजल्यापर्यंत आले होते, आक्कांचे घर सातव्यावर. म्हणजे त्यांच्या भिंती अजून ओतायच्या होत्या. आक्कांनी पिशवीतून वही काढली, वहीतली यादी काढली, आणि गोल मोजायला बसल्या. मुलगा म्हणाला, "आई, साहेबांना वेळ न्हाई." आक्कांनी वर पाहिले नाही. स्वयंपाकघरात यादीत पाच आणि नकाशात चार. त्यांनी बोट ठेवून पुन्हा मोजले. चारच. फ्रीजच्या मागचा राहिला होता.

इंजिनिअर म्हणाला, "मावशी, तो टाकू आपण, लक्षात आहे."

आक्का म्हणाल्या, "लक्षात नगं. गोल काढा आन् तारीख घाला."

त्याने गोल काढला, तारीख घातली, सही केली. आक्कांनी ती सही नीट वाचली, नाव लागले, मग नकाशाची प्रत मागून घेतली. ती आज त्यांनी बरोबर आणली आहे. आता पाट्या काढा. दिवा जरा पुढे घ्या, म्हणजे मागच्यांनाही नकाशा दिसेल. आक्का, तुम्ही इथे या आणि स्वयंपाकघरापासून सुरू करा.